इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजची विक्री आणि भागधारकांच्या अटकळी

इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यात, किंग्ज लँगली येथे मुख्यालय असलेली सेमीकंडक्टर क्षेत्रातील एक कंपनी आहे. पडद्यावरील चित्रे उमटवणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरचे आराखडे तयार करणे आणि ते इतर कंपन्यांना परवान्याने वापरू देणे हा तिचा प्रमुख व्यवसाय होय. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनपासून पुढे सुमारे दहा वर्षे ॲपलच्या फोनमध्ये या कंपनीचे ग्राफिक्स तंत्रज्ञान वापरले जात होते. या काळात लंडन शेअर बाजारातील तिच्या समभागाचा भाव तिच्या नफ्या-तोट्याबरोबरच आणखी एका प्रश्नावर हलत राहिला. ॲपल ही कंपनी विकत घेईल का, हा तो प्रश्न.

ॲपलने ती घेतली नाही. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने करारातून बाहेर पडण्याचा मनोदय कळवला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चिनी भांडवल असलेल्या एका गुंतवणूक संस्थेने कंपनी विकत घेतली. मोठ्या ग्राहकावर अवलंबून असलेल्या छोट्या तंत्रज्ञान कंपनीबाबत भागधारक कोणत्या अटकळी बांधतात आणि त्या कोठे चुकतात, याचे हे प्रकरण बोलके उदाहरण मानता येईल.

मराठीत ‘अफवा’ आणि ‘अटकळ’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु येथे त्यांतील भेद पाळणे आवश्यक आहे. अफवेला आधार लागत नाही. अटकळ मात्र ज्ञात गोष्टींवरून अज्ञाताकडे जाण्याचा प्रयत्न करते. इमॅजिनेशनच्या भागधारकांनी ज्यांच्या आधारे तर्क केला त्या जवळजवळ सर्व गोष्टी खऱ्या होत्या. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा ठरला नाही.

व्यवसायाचे स्वरूप

कंपनीची स्थापना १९८५ मध्ये ‘व्हिडिओलॉजिक’ या नावाने झाली. १९९४ मध्ये तिची लंडन शेअर बाजारात नोंदणी झाली आणि १९९९ मध्ये तिने आजचे नाव धारण केले. तिच्या ‘पॉवरव्हीआर’ या ग्राफिक्स तंत्रज्ञानाचा वापर सेगा कंपनीच्या १९९८ मधील ‘ड्रीमकास्ट’ या खेळयंत्रात झाला होता.

कंपनीचे उत्पन्न समजून घेण्यासाठी तिच्या व्यवसायाची रीत ध्यानात घ्यावी लागते. तिच्या मालकीचा चिपनिर्मितीचा कारखाना नाही. ती चिपचा आराखडा तयार करते, म्हणजे वास्तुविशारदाने घराचा नकाशा करावा त्याप्रमाणे. बांधकाम दुसरे करतात. आराखडा वापरू इच्छिणारी कंपनी सुरुवातीला परवाना शुल्क देते आणि पुढे त्या आराखड्यावर आधारित जितक्या चिप विकल्या जातील तितक्यांवर प्रतिचिप स्वामित्वशुल्क देत राहते. केंब्रिजची आर्म ही कंपनी याच पद्धतीने चालते. या रीतीत भांडवली खर्च थोडा असतो आणि एकदा आराखडा चालू लागला की उत्पन्न वर्षानुवर्षे येत राहते. मात्र ते ग्राहकाच्या खपाशी बांधलेले असते. ग्राहक मोठा झाला की कंपनी मोठी होते, पण तिच्या उत्पन्नातील त्याचा वाटाही फुगत जातो.

भारताशी या कंपनीचा संबंध अभियंत्यांच्या मार्फत आला. २०१० मध्ये तिने हैदराबादेत संशोधन केंद्र असलेली हॅलोसॉफ्ट ही कंपनी घेतली. पुण्यातही तिचे विकास केंद्र होते.

दोन बड्या भागधारकांचा प्रवेश

२००६ मध्ये इंटेलने इमॅजिनेशनमध्ये अल्प हिस्सा घेतला. डिसेंबर २००८ मध्ये ॲपलने सुमारे ३.६ टक्के हिस्सा घेतल्याचे उघड झाले. २००९ च्या मध्यास ॲपलने आपला हिस्सा सुमारे ९.५ टक्क्यांपर्यंत नेला, आणि इंटेलचा हिस्सा वाढत सुमारे १६ टक्क्यांवर गेला. ब्रिटनमध्ये नोंदणी झालेल्या कंपनीत ३ टक्के किंवा अधिक मताधिकार मिळाल्यास ते जाहीर करावे लागते. त्यामुळे या हालचाली सर्वांना दिसत होत्या.

दोन बलाढ्य कंपन्या एका लहान कंपनीचे समभाग आळीपाळीने वाढवीत आहेत, याचा अर्थ बाजाराने सरळ लावला. त्यांच्यात चढाओढ लागेल आणि शेवटी एकजण संपूर्ण कंपनी घेईल, असे मानून भाव चढू लागला. २०१२ च्या सुमारास तो ७०० पेन्सच्या वर गेला होता.

याच घटनेचा दुसरा अर्थही संभवत होता, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ब्रिटिश नियमांनुसार ३० टक्के मताधिकार ओलांडल्यावर उरलेल्या भागधारकांना खरेदीचा प्रस्ताव देणे बंधनकारक होते. दोन्ही कंपन्या त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली थांबल्या. नऊ किंवा सोळा टक्के हिस्सा कंपनी ताब्यात घेण्यासाठी अपुरा आहे. प्रतिस्पर्ध्याने ती गुपचूप ताब्यात घेऊ नये म्हणून मात्र तो पुरतो. दाराशी पहारा ठेवणारा माणूस घर विकत घेणारच असतो असे नाही. इंटेलने पुढे आपला हिस्सा विकून टाकला आणि चढाओढीची अटकळ तेथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. तिच्यात एकच नाव उरले, इतकेच.

मिप्सची खरेदी आणि उतरता काळ

मोबाइल फोनच्या व्यवसायात आर्मशी थेट स्पर्धा करता यावी या हेतूने इमॅजिनेशनने २०१३ च्या आरंभी मिप्स ही अमेरिकी प्रोसेसर कंपनी सुमारे १० कोटी डॉलरना घेतली. मिप्सची बहुतांश एकस्वे त्याआधीच आर्मचा सहभाग असलेल्या एका गटाने ३५ कोटी डॉलरना विकत घेतली होती, ही बाब पुरेशी बोलकी आहे. मिप्सच्या खरेदीतून अपेक्षित यश आले नाही. दरम्यान स्मार्टफोनच्या बाजाराची वाढ मंदावली आणि आर्मने आपल्या प्रोसेसरबरोबर स्वतःचे ग्राफिक्स आराखडेही देऊ केल्याने इतर ग्राहक तिकडे वळू लागले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये, १९९८ पासून मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले सर हुसेन यासाई पायउतार झाले. खर्चकपात जाहीर झाली. ‘प्युअर’ हा डिजिटल रेडिओचा विभाग विक्रीस काढण्यात आला आणि त्याच वर्षी विकला गेला. ३० एप्रिल २०१६ रोजी संपलेल्या वर्षात कंपनीचे उत्पन्न सुमारे १२ कोटी पौंड होते. त्यांपैकी ६ कोटी ७ लाख पौंड एकट्या ॲपलकडून आले होते.

मार्च २०१६ : चर्चा झाल्याची कबुली

मार्च २०१६ मध्ये ॲपल आणि इमॅजिनेशन यांच्यात खरेदीविषयी बोलणी झाल्याचे वृत्त आले. त्यावर ॲपलने निवेदन काढून काही चर्चा झाल्याचे मान्य केले आणि सध्या प्रस्ताव देण्याचा विचार नसल्याचे सांगितले. ब्रिटनच्या अधिग्रहण संहितेनुसार असा नकार दिल्यावर, ठरावीक अपवाद वगळता, सहा महिने बोली लावता येत नाही.

या निवेदनाचे वाचन कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यात दोन विधाने होती : चर्चा झाली, आणि प्रस्ताव द्यायचा नाही. आशा धरून बसलेल्या वाचकाला पहिले विधान मोठे दिसते आणि दुसऱ्यातील ‘सध्या’ हा शब्द. सहा महिन्यांची मुदत ही कायद्याने घातलेली मनाई होती, परंतु अनेकांच्या लेखी ती प्रतीक्षेची मुदत ठरली. जणू सहा महिने सरताच बोलणी पुन्हा सुरू होणार होती. वस्तुतः ज्याने कंपनीचे दप्तर जवळून पाहिले, किंमत विचारली आणि मग हात आखडता घेतला, त्याचा नकार हा बाहेरच्या कोणाच्याही नकारापेक्षा अधिक माहितीवर आधारलेला असतो.

मे २०१६ मध्ये चीनच्या त्सिंगहुआ युनिग्रुपने सुमारे ३ टक्के हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले. जुलैमध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने आर्म ही कंपनी २,४३० कोटी पौंडांना घेण्याचा करार केला. ब्रिटनमधील चिपच्या आराखड्यांना एवढे मोल मिळत असेल, तर इमॅजिनेशनलाही ते आज ना उद्या मिळेलच, असा तर्क त्यातून बळावला. हा तर्क वरवरचा होता. आर्मचे ग्राहक शेकड्यांनी मोजावे लागत. तिच्यातून एखादा ग्राहक गेला असता तरी कंपनी उभी राहिली असती. इमॅजिनेशनच्या निम्म्या उत्पन्नाची दोरी एका हातात होती.

अटकळीमागील तर्क

भागधारकांचा तर्क साधारणतः चार गोष्टींवर उभा होता. ॲपलकडे २०,००० कोटी डॉलरहून अधिक रोख आणि रोखे होते. त्यापुढे इमॅजिनेशनची संपूर्ण किंमत किरकोळ होती. तिचे तंत्रज्ञान ॲपलला प्रत्येक फोनमध्ये लागत होते. ॲपल स्वतः तिचा सुमारे ८ टक्क्यांचा भागधारक होता. आणि ॲपलने याआधी चिप क्षेत्रातील लहान कंपन्या घेतल्या होत्या, उदाहरणार्थ २००८ मध्ये पी. ए. सेमी ही कंपनी सुमारे २७ कोटी ८० लाख डॉलरना.

यांतील प्रत्येक विधान खरे आहे, पण ते सारे विकणाऱ्याच्या बाजूने मांडलेले आहे. तेच घेणाऱ्याच्या बाजूने वाचले तर काय दिसते?

वर्षाला २० कोटींहून अधिक आयफोन विकले जात होते. ६ कोटी ७ लाख पौंड त्यांवर वाटले तर प्रत्येक फोनमागे जेमतेम तीस पेन्स पडतात. आयपॅड धरले तर त्याहूनही कमी. कित्येक शे पौंडांना विकल्या जाणाऱ्या वस्तूत हा खर्च नगण्य म्हणावा असा आहे. तो वाचवण्यासाठी ॲपलने घाईने कंपनी घ्यावी असे काही नव्हते. तंत्रज्ञान परवान्याने मिळतच होते. म्हणजे ‘ॲपलला हे तंत्रज्ञान लागते’ यावरून ‘ॲपलला ही कंपनी लागते’ असे सिद्ध होत नव्हते.

पैशाचा प्रश्न गौण असेल तर मग ॲपलला हवे तरी काय होते? याचे उत्तर पी. ए. सेमीच्या खरेदीतच आहे. त्या खरेदीतून ॲपलला मुख्यतः चिपचा आराखडा करणारी माणसे मिळाली, आणि २०१२ मधील ए-६ चिपपासून फोनचा मुख्य प्रोसेसर त्याने स्वतः आखायला सुरुवात केली. चिपचा एकेक भाग घरात आणण्याचा तो क्रम होता. ग्राफिक्सची पाळी पुढे कधीतरी येणार हे उघड होते. मात्र जो एखादा भाग घरी तयार करू पाहतो, त्याला त्याचे ज्ञान असलेली माणसे हवी असतात. ती घेऊन जुना पुरवठादार, त्याचे इतर ग्राहकांशी असलेले करार, मिप्ससारखे त्याचे फसलेले उद्योग, त्याचे रेडिओ हे सर्व घेण्याची गरज त्याला वाटत नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये इमॅजिनेशनमधील अनुभवी अभियंते ॲपलच्या सेवेत जात असल्याची वृत्ते येत होती. भागधारकांतील अनेकांनी त्याचाही अर्थ जवळीक वाढत असल्याचे लक्षण असा लावला.

एकच ग्राहक ही स्थिती सौदा ठरवताना विकणाऱ्याला दुबळे करते, हे यातील मर्म होय. ॲपल निघून गेल्यास कंपनीचे मोल कोसळेल हे ॲपललाही ठाऊक होते. अशा स्थितीत आज पूर्ण भाव देऊन खरेदी करण्यापेक्षा थांबण्यात त्याचे काहीच बिघडत नव्हते. भागधारक ज्याला भागीदारी म्हणत होते ती वास्तविक परवान्याची आणि मुदतीची देवघेव होती. ‘भागीदार’ हा शब्द कंपन्यांच्या पत्रकांत फार सढळपणे वापरला जातो. त्यात नफा-नुकसानीची वाटणी अभिप्रेत असतेच असे नाही, आणि हे ध्यानात न आल्याने बरेचसे गैरसमज होतात.

३ एप्रिल २०१७

३ एप्रिल २०१७ रोजी इमॅजिनेशनने जाहीर केले की, येत्या पंधरा महिने ते दोन वर्षांत नव्या उत्पादनांत आपले तंत्रज्ञान वापरणे थांबवणार असल्याचे ॲपलने कळवले आहे. त्यापूर्वी समभागाचा भाव सुमारे २६९ पेन्स होता. त्या दिवशी एका टप्प्यावर तो सुमारे ७० टक्क्यांनी कोसळला आणि बाजार बंद होताना घसरण ६० टक्क्यांहून अधिक होती. ज्याने निवृत्तीसाठीची पुंजी यात ठेवली असेल, त्याला सकाळी बाजार उघडल्यानंतर विचार करण्यासही अवधी मिळाला नाही.

कंपनीने आपल्या निवेदनात असेही म्हटले की, तिच्या बौद्धिक संपदेचा भंग न करता पायापासून नवा ग्राफिक्स आराखडा तयार करणे ॲपलला अत्यंत अवघड जाईल. मे महिन्यात तिने करारातील तंटानिवारणाची प्रक्रिया सुरू केली. यातून नव्या अटकळी निघाल्या : दावा होईल, ॲपल मोठी रक्कम देऊन तडजोड करील, किंवा दावा टाळण्यासाठी अखेर कंपनीच घेईल. कोणताही न्यायालयीन निकाल लागण्यापूर्वीच कंपनी विकली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ए-११ चिपमधील ग्राफिक्स प्रोसेसर आपण स्वतः आखल्याचे ॲपलने जाहीर केले.

या प्रकरणातील सर्वांत गंभीर वाद तारखांचा आहे. ॲपलने जुलै २०१७ मध्ये सांगितले की, नवे आराखडे घेणे थांबवण्याविषयी इमॅजिनेशनशी आपले बोलणे २०१५ च्या अखेरीसच सुरू झाले होते, आणि कंपनीने केलेले चित्रण योग्य नाही. इमॅजिनेशनला हे म्हणणे मान्य नव्हते. दोहोंतील कोणाचे खरे याचा निर्णय सार्वजनिकरीत्या कधी झाला नाही. परंतु ॲपलचे म्हणणे ग्राह्य धरले तर मार्च २०१६ च्या चर्चेकडे अगदी वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. त्या वेळी बाजार ज्या संबंधाच्या परिणतीची वाट पाहत होता, तो संबंध आतून सैल होऊ लागला होता असा त्याचा अर्थ होईल. सामान्य भागधारकाला यांतील काहीही कळण्याचा मार्ग नव्हता.

विक्री

२२ जून २०१७ रोजी कंपनीने स्वतःला विक्रीस काढल्याचे जाहीर केले. सप्टेंबरात कॅनियन ब्रिज या गुंतवणूक संस्थेशी करार झाला. प्रत्येक समभागास १८२ पेन्स, म्हणजे एकूण सुमारे ५५ कोटी पौंड, अशी किंमत ठरली. हा भाव करारापूर्वीच्या १२८.५ पेन्स या बंद भावापेक्षा जवळजवळ ४२ टक्क्यांनी अधिक असल्याचे सांगण्यात आले.

अशा टक्केवारीकडे पाहताना ती कोठून मोजली आहे हे आधी पाहावे लागते. आदल्या दिवशीच्या भावावरून मोजल्यास ४२ टक्के लाभ दिसतो. मार्च २०१७ च्या अखेरीचा भाव धरल्यास तोच व्यवहार सुमारे एक-तृतीयांश तोट्याचा ठरतो. २०१२ च्या शिखरावर समभाग घेतलेल्याच्या हाती चौथाई रक्कम आली. कंपनी विकली जाईल ही अटकळ अशा रीतीने अक्षरशः खरी ठरली. ती कोणत्या भावाने विकली जाईल आणि कोण घेईल, याचा मात्र अंदाज कोणाला आला नव्हता.

कोण घेऊ शकतो हे ठरवण्यात सरकारेही सहभागी होती. कॅनियन ब्रिज ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली असली तरी तिच्यामागील भांडवल चीनच्या सरकारी निधीशी संबंधित होते. तिने नोव्हेंबर २०१६ मध्ये ऑरेगन राज्यातील लॅटिस सेमीकंडक्टर ही कंपनी १३० कोटी डॉलरना, समभागास ८.३० डॉलर दराने, घेण्याचा करार केला होता. त्यानंतर कित्येक महिने लॅटिसचा समभाग करारातील दराच्या बराच खाली राहिला, कारण सरकारची परवानगी मिळेल असे बाजाराला वाटत नव्हते. तो संशय योग्य ठरला. १३ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव तो व्यवहार रोखला.

त्यानंतर दहाच दिवसांच्या आत इमॅजिनेशनचा करार झाला, आणि त्याची रचना या घटनेच्या छायेत झालेली दिसते. कॅलिफोर्नियातील मिप्स विभाग आधी वेगळा काढून अमेरिकेच्याच टॉलवुड व्हेंचर कॅपिटलला ६ कोटी ५० लाख डॉलरना विकायचा, आणि ती विक्री झाली तरच मुख्य व्यवहार पुरा करायचा, अशी अट त्यात होती. अमेरिकी परवानगीचा प्रश्नच उद्भवू नये हा त्यामागील हेतू होता. भागधारकांनी ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये समभागाची शेअर बाजारातील नोंदणी संपली.

याच सुमारास आणखी एक प्रकरण उघड झाले. लॅटिसच्या व्यवहाराची गोपनीय माहिती परिचिताला पुरवल्याबद्दल कॅनियन ब्रिजच्या एका सहसंस्थापकास २०१८ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. तो खटला लॅटिसपुरता होता आणि इमॅजिनेशनच्या व्यवहाराशी त्याचा संबंध नव्हता. तरी एवढे लक्षात राहते की, एका बाजूला हजारो भागधारक पत्रकांतील एकेका शब्दाचा कीस काढीत असताना दुसऱ्या बाजूला काहीजणांना अर्थ लावण्याची गरजच नसते.

विक्रीनंतर

२ जानेवारी २०२० रोजी इमॅजिनेशनने अवघ्या काही ओळींचे निवेदन प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जुन्या कराराच्या जागी ॲपलशी नवा, अनेक वर्षांचा परवाना करार झाला होता, आणि शुल्काच्या मोबदल्यात ॲपलला पूर्वीपेक्षा अधिक व्यापक बौद्धिक संपदा वापरता येणार होती.

एप्रिल २०१७ मध्ये कंपनी जे म्हणत होती त्यात तथ्य होते, असे या करारावरून मानायला जागा आहे. तिचे तंत्रज्ञान सहजासहजी टाळता येण्याजोगे नव्हते. परंतु आता ती खाजगी मालकीची होती. ज्या भागधारकांनी हीच गोष्ट पाच-सहा वर्षे धरून ठेवली होती, त्यांनी आपले समभाग १८२ पेन्सना देऊन दोन वर्षे उलटली होती. मोल ओळखण्यात ते चुकले नव्हते. ते मोल वसूल होईपर्यंत थांबण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती, कारण बहुसंख्य भागधारकांनी विक्रीस मान्यता दिल्यावर ज्यांना विकायचे नव्हते त्यांनाही समभाग द्यावे लागले.

एप्रिल २०२० मध्ये कॅनियन ब्रिजमागील चायना रिफॉर्म या सरकारी संस्थेने आपले चार संचालक इमॅजिनेशनच्या मंडळावर नेमण्याचा प्रयत्न केल्याचे समोर आले. ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याची दखल घेतली आणि तो बेत सोडून देण्यात आला. तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी रॉन ब्लॅक यांनी त्याच काळात पद सोडले. पुढे ब्रिटनने २०२१ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा व गुंतवणूक कायदा केला. जानेवारी २०२२ पासून तो अमलात आला असून प्रगत सेमीकंडक्टरसह काही संवेदनशील क्षेत्रांतील अधिग्रहणांची माहिती सरकारला आधी देणे त्याने बंधनकारक केले. तेव्हापासून तेथील लहान चिप कंपनीच्या विक्रीविषयी अटकळ बांधताना सरकारचा कौलही हिशेबात घ्यावा लागतो.

डायलॉग सेमीकंडक्टरशी तुलना

ॲपलवर तितकीच, किंबहुना अधिक, विसंबून असलेली डायलॉग सेमीकंडक्टर ही कंपनी वेगळ्या मार्गाने गेली. फोनमधील वीजवापराचे नियंत्रण करणाऱ्या चिप ती बनवीत असे आणि तिच्या उत्पन्नाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ॲपलकडून येई. ॲपल या चिपही स्वतः आखणार असे संकेत २०१७ मध्ये मिळाले तेव्हा तिचाही समभाग कोसळला. मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने ॲपलशी रीतसर सौदा केला. तीनशेहून अधिक अभियंते, काही कार्यालये आणि तंत्रज्ञानाचा परवाना यांच्या बदल्यात ३० कोटी डॉलर रोख आणि पुढील मालाची आगाऊ किंमत म्हणून आणखी ३० कोटी डॉलर तिला मिळाले. जी माणसे हळूहळू निघून गेली असती, त्यांचे जाणेच तिने विकले. उरलेली कंपनी इतर ग्राहकांवर उभी राहिली आणि २०२१ मध्ये जपानच्या रेनेसासने ती सुमारे ४९० कोटी युरोंना घेतली.

दोन्ही कंपन्यांचे तंत्रज्ञान निराळे असल्याने ही तुलना फार ताणता येत नाही. तरी डायलॉगने संपूर्ण कंपनी ॲपल घेईल या आशेवर विसंबून न राहता, ॲपलला नेमके जे हवे होते त्याचीच किंमत लावली, हा फरक नोंदवण्याजोगा आहे.

भारतीय वाचकासाठी संदर्भ

भारतात सेमीकंडक्टर उद्योगाविषयी सरकारी योजना जाहीर झाल्यापासून या क्षेत्राशी नाव जोडलेल्या लहान कंपन्यांच्या समभागांत मोठी उलाढाल होऊ लागली आहे, आणि ‘परदेशी भागीदार येणार’, ‘मोठा समूह घेणार’ अशी वाक्ये येथेही कानावर पडतात. मुंबईस्थित ‘सेबी’ या नियामक मंडळाच्या नियमांनुसार कंपनीतील २५ टक्के मताधिकार मिळवणाऱ्यास उर्वरित भागधारकांपुढे खुला प्रस्ताव ठेवावा लागतो. बाजारातील वृत्तांविषयीही सेबीने नियम केला आहे. भावात लक्षणीय हालचाल घडवणारे वृत्त प्रसिद्ध झाल्यास कंपनीने चोवीस तासांत त्याला दुजोरा द्यावा, ते नाकारावे किंवा त्याचा खुलासा करावा, असे त्यात म्हटले आहे. जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना हा नियम लागू झाला. ज्या लहान कंपन्यांबाबत अशा अटकळी सर्वाधिक बांधल्या जातात, त्या बहुतेक या यादीच्या बाहेर आहेत.